सरळ सरकण्याची किंमत : यंत्रांतील ‘गाइड’ची तुलना

घरातल्या जुन्या लाकडी टेबलाचा खण आठवावा. रुंदीला मोठा, आत खोलीला कमी. दोन्ही मुठी धरून ओढला तर मुकाट्याने बाहेर येतो. घाईत एकाच मुठीला हिसका दिला की तिरका होऊन अडकतो. मग जितका जोर लावावा तितका अधिकच घट्ट बसतो. आपण पावसाळ्याला दोष देतो, कडेला मेणबत्ती घासतो आणि काम भागवतो. पण खण अडकण्यामागे एक साधा हिशेब आहे आणि लाखो रुपयांच्या यंत्रातही तोच हिशेब चालतो.

एखादा भाग एकाच सरळ रेषेत पुढे-मागे सरकवायचा, वाटेत त्याने डगमगू नये, कलू नये, अडकू नये, एवढेच मागणे. लेथवर हत्यार धरून चालणारे सॅडल, मिलिंग मशीनचे टेबल, शिलाई यंत्राची सुईदांडी, इमारतीतली लिफ्ट या सगळ्यांचे मागणे हेच. त्यांना वाट दाखवणाऱ्या भागाला आमच्या कारखान्यांत सरसकट ‘गाइड’ म्हणतात. हे गाइड अनेक जातींचे आहेत. त्यांतला चांगला कोणता, असा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी विचारत. मी आयटीआयमध्ये बरीच वर्षे टर्नर-फिटरच्या वर्गाला शिकवले. या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर मला कधीच देता आले नाही. ते का देता येत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

पाच वाटा बंद, एक उघडी

हवेत तरंगणारी काडेपेटी डोळ्यांसमोर आणावी. ती पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली अशी तीन प्रकारे सरकू शकते. शिवाय ती तीन प्रकारे फिरू शकते. आपली मानही तशीच तीन प्रकारे हलते : ‘हो’ म्हणताना वर-खाली, ‘नाही’ म्हणताना डावी-उजवीकडे आणि गाण्याला दाद देताना एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे. तीन सरकणी आणि तीन फिरणी मिळून कोणत्याही वस्तूला हालचालीच्या सहा वाटा असतात. गाइडने यांतल्या पाच बंद करायच्या आणि एकच उघडी ठेवायची.

पाच वाटा बंद करणे ऐकायला सोपे वाटते, पण पूर्ण बंद केल्या तर सहावीही बंद होते. म्हणजे भाग जॅम होतो. जरा सैल ठेवल्या तर भाग डगमगतो. हे डगमगणे दिसायला क्षुल्लक असले तरी लांबीबरोबर वाढते. एका अंशाचे ३६०० भाग केले आणि टेबल त्यांतल्या फक्त १० भागांइतके कलले, तर एक मीटर अंतरावर सुमारे ०.०५ मिलिमीटरची चूक होते. बेअरिंगची जागा बोअर करताना एवढी चूक झाली तर तो जॉब भंगारात जातो. म्हणून गाइडची निवड ही यंत्राच्या कामाची निम्मी निवड असते.

घासत सरकणारे

सर्वांत जुनी आणि साधी जात म्हणजे एकावर एक घासत सरकणाऱ्या पृष्ठभागांची. तिचे घरोघरचे उदाहरण म्हणजे शिलाई यंत्र. सुई धरणारी दांडी दोन बुशांमधून खाली-वर जाते. मधूनमधून तेलाचा एक थेंब दिला की तिचे दुसरे काही मागणे नसते. बुश गनमेटलचा असो, ओतीव लोखंडाचा असो की प्लास्टिकचा. तो स्वस्त असतो, आवाज करत नाही, दणका सोसतो आणि थोड्या धुळीचीही फिकीर करत नाही.

त्याचा कच्चेपणा त्या लाकडी खणासारखाच. समजा, दोन बुशांमधले अंतर १०० मिलिमीटर आहे आणि ढकलणारा जोर दांडीपासून बाजूला लागतो आहे. जोर जितका बाजूला, तितकी दांडी तिरकी होऊन बुशांवर दाबते आणि तितके घर्षण वाढते. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला, तर जोर २०० मिलिमीटरच्या पलीकडे गेला की घर्षण त्या जोराला पुरून उरते. मग जोर दुप्पट केला तरी घर्षणही दुप्पट होते आणि भाग जागचा हलत नाही. बुशांच्या अंतराच्या दुपटीबाहेर जोर लावू नये, हा कारखान्यातला जुना नियम याच हिशेबातून आला. रुंद आणि उथळ खण एका मुठीने का अडकतो, अरुंद आणि लांब खण का अडकत नाही, याचेही उत्तर यातच आहे. मेणबत्तीने गुणांक कमी होतो, म्हणून तात्पुरते काम भागते.

मोठ्या यंत्रांत बुशाची जागा बेडवरच कोरलेले मार्ग घेतात. लेथच्या बेडवर एक मार्ग उलट्या ‘व्ही’च्या आकाराचा आणि दुसरा सपाट असतो. दोन्ही ‘व्ही’ का केले नाहीत? कारण एक ‘व्ही’ डावी-उजवीकडची वाट बंद करायला पुरेसा असतो. दुसराही ‘व्ही’ केला तर दोघांचे अंतर केसभरही चुकता कामा नये. चुकले की दोघांत भांडण लागते आणि सॅडल कोणा तरी एकावरच टेकते. म्हणून एकाने दिशा धरायची आणि दुसऱ्याने फक्त वजन उचलायचे, अशी वाटणी केलेली असते. ‘व्ही’चा आणखी एक गुण असा की तो झिजला तरी सॅडल वजनाने खाली बसत जाते, बाजूचा प्ले वाढत नाही.

जागा कमी असेल आणि भाग वर उचलला जाण्याची भीती असेल तेथे डव्हटेल येते. कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखा हा आकार लेथच्या क्रॉस स्लाइडमध्ये कोणालाही पाहता येईल. त्याच्या एका बाजूला गिब नावाची पट्टी असते. झीज झाली की तिचा स्क्रू आवळून प्ले काढता येतो. आणि जिथे भार सर्वांत मोठा, तिथे चौकोनी, रुंद बॉक्स वे. त्यात वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते, म्हणून जड कापणीत त्याचा हात धरणारा दुसरा सहज सापडत नाही.

असे मार्ग सरळ करणे हीच एकेकाळी मोठी अडचण होती. लांब, अचूक मार्ग तासणे अवघड होते. म्हणून जेम्स वॅटने १७८४ साली आपल्या वाफेच्या इंजिनात दट्ट्याची दांडी जवळपास सरळ रेषेत ठेवण्यासाठी पट्ट्यांची एक जुळणीच योजली. पुढे १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेने आपल्या लेथवर त्रिकोणी छेदाच्या दांड्यांवरून हत्यार सरकवले आणि आजच्या लेथचा पाया घातला. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगो येथे खरा सपाट पृष्ठभाग कसा करावा, यावर निबंध वाचला. युक्ती तीन पाट्यांची. दोनच पाट्या एकमेकींवर जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट राहूनही त्या तंतोतंत बसतील. तिसरी पाटी आणून तिन्ही आळीपाळीने एकमेकींशी जुळवल्या, तर तिन्ही सपाट झाल्याशिवाय सुटका नाही.

ही जुळवणी होते स्क्रेपिंगने. पाटीला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, ती कामावर टेकवून सरकवायची आणि जिथे निळे ठिपके उमटतील तेवढेच उंचवटे हाताच्या स्क्रेपरने खरवडायचे. पुन्हा ब्लू, पुन्हा खरवड. एका चौरस इंचात दहा-वीस ठिपके सारखे उमटेपर्यंत हे चालते. खरवडीच्या बारीक खळग्यांत तेल साठून राहते, हा आणखी एक फायदा. हे काम करणारा कारागीर आठवडाभर एका बेडवर वाकलेला असे. असे हात आता फार थोडे उरले आहेत आणि गाइडच्या निवडीत या गोष्टीचाही हिशेब धरावा लागतो.

घासणाऱ्या जातीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे अडखळणे. जड कपाट ढकलताना ते आधी हलतच नाही आणि हलले की एकदम वीतभर पुढे जाते. कारण थांबलेल्या वस्तूचे घर्षण चालत्या वस्तूपेक्षा जास्त असते. यंत्राच्या टेबलाला ०.०१ मिलिमीटर पुढे जा म्हटले, तर ते आधी थांबून राहते आणि मग ०.०३ ने उडी मारते. यावर एक चांगला उपाय निघाला आहे. टेफ्लॉनमध्ये ब्राँझची पूड मिसळून केलेली पट्टी सरकत्या भागाखाली चिकटवतात. कारखान्यात ती टर्साइट या व्यापारी नावानेच ओळखली जाते. तिच्यात थांबलेले आणि चालते घर्षण जवळपास सारखे असते, त्यामुळे अडखळणे खूपच कमी होते. आजच्या बॉक्स वेच्या यंत्रांत अशी पट्टी आणि नियमित तेल देणारा पंप, दोन्ही असतात.

घरंगळत सरकणारे

जड ओंडका ओढण्यापेक्षा त्याखाली गोल दांडकी घालून घरंगळत नेणे सोपे, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अडचण अशी की सरळ रेषेत चालताना दांडकी मागे राहतात आणि पुन्हा उचलून पुढे ठेवावी लागतात. यंत्रात हे काम भागाच्या पोटातच होते. भाराखालून गेलेल्या पोलादी गोळ्या आतल्या बोगद्यातून परत फिरून पुन्हा पुढे येतात.

यातला स्वस्त प्रकार म्हणजे गोल शाफ्ट आणि त्यावर चालणारा बॉल बुश. अमेरिकेत थॉमसन कंपनीने तो १९४० च्या दशकात बाजारात रूढ केला. तो बसवायला सोपा आहे आणि शाफ्टच्या जोडणीत थोडी चूक झाली तरी सांभाळून घेतो. पण शाफ्टला आधार फक्त दोन टोकांना असेल, तर तो लचकतो. किती लचकतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट, दोन आधारांमध्ये ६०० मिलिमीटर अंतर आणि मध्यभागी २० किलो भार. मध्यभाग सुमारे ०.५५ मिलिमीटर खाली जातो. अंतर निम्मे केले तर लचक एक अष्टमांश होते, म्हणजे सुमारे ०.०७ मिलिमीटर. अंतर ६०० च ठेवून व्यास दुप्पट केला तर लचक एक सोळांश होते, म्हणजे ०.०३५ च्याही आत. मात्र अंतर १२०० केले तर तोच २० मिलिमीटरचा शाफ्ट चार मिलिमीटरहून अधिक झुकतो. खोके उचलून ठेवणाऱ्या यंत्रात हे चालून जाईल. धातू कापणाऱ्या यंत्रात मुळीच चालणार नाही. शाफ्टला खालून सलग आधार देता येतो, पण मग बुश एका बाजूने उघडा ठेवावा लागतो आणि त्या दिशेने त्याची ताकद घटते.

दुसरा प्रकार म्हणजे रेल आणि त्यावर चालणारा ब्लॉक. जपानच्या टीएचके कंपनीने १९७२ साली तो ‘एलएम गाइड’ या नावाने आणला. नाव एका कंपनीचे असले तरी आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या रेलला एलएम गाइडच म्हणतात. रेल पूर्ण लांबीभर बेडला बोल्टने आवळलेली असते, त्यामुळे ती शाफ्टसारखी लचकत नाही. गोळ्या तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून धावतात, म्हणून एकच ब्लॉक वरून, खालून आणि बाजूने येणारा भार पेलतो. गोळ्या जागेपेक्षा काही मायक्रॉन मोठ्या घातल्या की उरलासुरला प्लेही जातो. यालाच प्रीलोड म्हणतात. जड कामासाठी गोळ्यांऐवजी रोलर असलेल्या रेलही मिळतात.

घर्षणातला फरक पाहावा. तेल दिलेल्या घासत्या मार्गाचा गुणांक ०.१ धरला तर १०० किलोचे टेबल हलवायला १० किलोचा जोर लागतो. रेलवर गुणांक ०.००३ च्या आसपास असतो. तेच टेबल ३०० ग्रॅमच्या जोराने हलते. सीलचे घर्षण धरले तर थोडा जास्त जोर लागतो, इतकेच. म्हणून मोटर लहान चालते, वेग वाढतो, उष्णता कमी होते आणि ०.०१ मिलिमीटर म्हटले की टेबल जवळपास तेवढेच सरकते. अडखळणे उरत नाही.

रेलचे आयुष्यही आगाऊ मोजता येते. उत्पादक प्रत्येक ब्लॉकची भारक्षमता देतात. क्षमतेला प्रत्यक्ष भाराने भागायचे, आलेल्या संख्येचा घन करायचा आणि ५० किलोमीटरने गुणायचे. (काही उत्पादक १०० किलोमीटरचा पाया धरून क्षमता सांगतात, ते तपासून घ्यावे.) २० किलोन्यूटन क्षमतेच्या ब्लॉकवर २ किलोन्यूटन भार असेल तर भागाकार १०, घन १०००, आणि आयुष्य ५०,००० किलोमीटर. मिनिटाला सरासरी १० मीटर, दिवसाला १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालणारे टेबल वर्षाला २८८० किलोमीटर चालते; म्हणजे सतरा वर्षांची निश्चिंती. तोच भार ४ किलोन्यूटन झाला तर आयुष्य एक अष्टमांश होते, म्हणजे दोन वर्षांहून थोडे अधिक. भाराच्या बाबतीत केलेली कंजुषी अशी महाग पडते.

हा हिशेब मात्र स्वच्छ रेलचा आहे. गोळी आणि खाच यांच्यामध्ये कठीण कण गेला तर तो प्रत्येक फेरीत दोघांनाही टोचतो. त्यामुळे कारखान्यातली रेल पुष्कळदा भाराने मरत नाही, धुळीने मरते.

आणखी एक गोष्ट कॅटलॉगच्या पहिल्या पानावर सहसा नसते. देवळातली घंटा वाजवली की घुमत राहते. तिला हात लावला की गप्प होते. रुंद घासत्या मार्गामधला तेलाचा थर यंत्राच्या थरथरीला असाच हात लावतो. गोळीचा स्पर्श मात्र टिंबाएवढा असतो. रेल ताठ असते, पण थरथर शोषून घेण्याचे काम तिच्याकडून कमी होते. हलक्या, सलग कापणीत हे जाणवतही नाही. हत्यार दर फेरीत आदळून कापत असेल तेव्हा मात्र कानालाही कळते.

उद्यमबागेतला एक अनुभव

बेळगावात लोखंडाच्या कामाची परंपरा जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंतची वाट येथेच चालली आणि १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले. पुढे किर्लोस्करांच्याच घराण्यातली म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी १९४१ साली हरिहरला उभी राहिली. तिचे लेथ या भागातल्या कितीतरी लहान कारखान्यांत दिसत. आज उद्यमबागेत फाउंड्रीतून आलेले बिडाचे कास्टिंग मशीनवर चढवणारे अनेक छोटे कारखाने आहेत. बीड हा आपल्याकडचा ओतीव लोखंडाचा जुना शब्द आणि या अनुभवातही मुख्य पात्र तेच.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने कर्ज काढून सीएनसी मिलिंग यंत्र घेतले. रेलचे, चकचकीत, मिनिटाला तीस-चाळीस मीटर धावणारे. त्याचे जुने बॉक्स वेचे यंत्र त्याच्या निम्म्या वेगाने धावत नव्हते. वेग पाहून त्याने सगळे काम नव्या यंत्रावर घेतले : फाउंड्रीतून तसेच आलेले, वर वाळू चिकटलेले, कठीण कवचाचे कास्टिंगसुद्धा. पहिल्या महिन्यापासून कापलेल्या तोंडावर लहरी दिसू लागल्या, इन्सर्टच्या कडा तुटू लागल्या. त्याने वेग कमी केला, खोली कमी केली. मग जॉबचा वेळ जुन्या यंत्राइतकाच होऊ लागला. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत टेबल सरकताना खरखर ऐकू येऊ लागली. ब्लॉक उघडले तेव्हा आत बिडाची काळी भुकटी तेलात मिसळून लेपासारखी बसली होती. बिडाचा कीस लांब वेटोळ्यांत निघत नाही, त्याची पूड होते आणि ती कुठेही शिरते. वाळूचे कण सोबत असले तर मग विचारायलाच नको.

तो माझ्याकडे आला तेव्हा हप्ते चालू होते, चार कामगारांचे पगार होते आणि यंत्र फसवे निघाले असे त्याचे मत झाले होते. यंत्र धड होते. आम्ही बसून कामांची यादी केली. कच्च्या कास्टिंगचे पहिले, जाड कापणे जुन्या बॉक्स वेच्या यंत्राकडे दिले. एकदा तोंड साफ झालेले जॉब, भोके पाडणे, आटे पाडणे आणि अॅल्युमिनियमची कामे नव्या यंत्राकडे ठेवली. ब्लॉक बदलले, वायपर आणि कव्हर नीट बसवून घेतली, ग्रीसची वेळ भिंतीवर लिहून ठेवली. दोन्ही यंत्रे आज चालू आहेत. भोके पाडण्याच्या कामात टेबलाचा बहुतेक वेळ एका भोकावरून दुसऱ्यावर जाण्यात जातो. तिथे रेलचा वेग खरोखर पैसे मिळवून देतो.

त्या घटनेत एक गोष्ट रेलच्या बाजूने घडली, तीही सांगायला हवी. ब्लॉक आणि रेल बदलायला तीन दिवस लागले आणि यंत्र पुन्हा नव्यासारखे चालू लागले. बॉक्स वे झिजतो तेव्हा बेड ग्राइंडिंगला पाठवावा लागतो, मग टर्साइट आणि स्क्रेपिंग. लेथचा बेड तर चकजवळच जास्त झिजतो, कारण बहुतेक कामे तिथेच होतात. तिथला प्ले काढायला गिब आवळावी, तर सॅडल दुसऱ्या टोकाला, जिथे झीज नाही तिथे, अडकून बसते. हे निस्तरायला जो हात लागतो तो शोधण्यात महिना जातो. सुटा भाग बदलता येणे ही रेलची मोठी जमेची बाजू आहे. मात्र रेल ज्या पृष्ठभागावर बसवायची तो सरळ हवा. रेल आपल्या खालच्या बेडचेच वळण घेते. वाकड्या बेडवर महागडी रेल बसवली तर ती तितकीच वाकडी चालते.

आणखी एक जात उल्लेखापुरती. मोजमापाच्या यंत्रांत ग्रॅनाइटच्या दगडावर हवेचा काही मायक्रॉनचा थर सोडून त्यावर भाग तरंगवतात. घर्षण जवळपास शून्य, झीज नाही. पण हवा अखंड आणि स्वच्छ हवी, आणि कापणीचा दणका तिला झेपत नाही. शिखरावरच्या अचूकतेचीही किंमत मोजावी लागते, ती अशी.

शब्द आणि प्रश्न

त्या विद्यार्थ्याला मी विचारले, यंत्र घेताना कशाने काय बिघडेल, हे विचारले नाहीस का? तो म्हणाला, “सर, ते सगळं इंग्रजीत सांगत होते. मध्येच विचारलं तर आपलं अज्ञान दिसेल असं वाटलं.” मराठी माध्यमातून दहावी झालेला, हातात कसब असलेला माणूस. मायक्रॉनचा अंदाज बोटाने घेणारा हा गडी शब्दांपुढे गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याचे हप्ते त्याने दोन वर्षे फेडले.

आपण यंत्रशास्त्राच्या मराठीची चर्चा करतो तेव्हा ती बहुधा नामांवर अडते. बेअरिंगला विश्वकोशात ‘धारवा’ म्हटले आहे; कारखान्यात बेरिंगच म्हणतात. गाइड, रेल, ब्लॉक, बुश ही नावे आता आपलीच झाली आहेत आणि ती बदलण्याचा आग्रह मी वर्गात कधी धरला नाही. मात्र यंत्राच्या दोषांसाठी लागणारी क्रियापदे आपल्याकडे आधीपासून आहेत आणि ती पुरेशी काटेकोर आहेत. लचकणे वेगळे, डगमगणे वेगळे, थरथरणे वेगळे. अडकणे वेगळे आणि अडखळणे वेगळे. झिजणे या सगळ्यांहून निराळे. लचक भार काढला की जाते. डगमग भार काढला तरी राहते, कारण ती प्लेमुळे असते. थरथर भार नियमित आदळल्याने येते. इतका नेमका भेद सांगणारे शब्द घरात असताना विचारायला संकोच कशाला?

म्हणून यंत्र घेणाऱ्याने समोरच्याला निःसंकोच मराठीत सहा प्रश्न विचारावेत. माझ्या भाराने हे किती लचकेल? प्ले राहून डगमगेल का, आणि तो प्ले कसा काढायचा? माझा जॉब कापताना हे थरथरेल का? जोर बाजूला लागला तर अडकेल का? अगदी थोडे सरकवताना अडखळेल का? आणि माझ्या कारखान्यातल्या धुळीत हे किती दिवसांत झिजेल, झिजल्यावर कोण आणि किती दिवसांत दुरुस्त करील? विकणाऱ्याने उत्तर कोणत्याही भाषेत दिले तरी चालेल; उत्तर आकड्यात हवे.

या सहा प्रश्नांवर एकही जात पुरी उतरत नाही. बुश अडकतो, शाफ्ट लचकतो, बॉक्स वे अडखळतो, रेल धुळीने झिजते, हवेचा थर दणका सोसत नाही. पण प्रत्येक जातीला ज्यात हार नाही असे एक काम आहे. ते काम ओळखून यंत्राची निवड केली तर जुन्या लाकडी खणापासून सीएनसीपर्यंत सगळे आपापल्या वाटेने सरळ चालतात. आणि तो खण? तो मात्र दोन्ही हातांनीच ओढावा.